जावईबापूंची सरळ चड्डी

काहीतरी चुकलं होतं, कारण कुठेच काही टोचत नव्हतं.

दुकानाच्या कोपऱ्यातल्या पडद्याआड, कपडे बदलायच्या चिंचोळ्या आडोशात जावई अंधारात उभा होता. आतला बल्ब उडालेला होता. तो बदलायचं काम दादाकडे होतं, म्हणजे तो बदललेला नव्हता. जावयानं नव्या चड्डीचं बटण लावलं, दरवर्षीप्रमाणे श्वास रोखला आणि वाट पाहिली. आता डाव्या मांडीला फास बसायला हवा होता. बसला नाही. मागून कमरपट्टा खाली घसरायला हवा होता. घसरला नाही. मग त्यानं भीत भीत गुडघे वाकवून अर्धवट बसून पाहिलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. चड्डी त्याला नीट बसत होती.

"मेलो," तो पुटपुटला.

चड्ड्या दोन होत्या. दोन्ही एकाच ताग्यातल्या, निळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांच्या. एक नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सकाळी स्वतःच्या हातानं त्याला दिली होती. दुसरी त्यानं उरल्यासुरल्या तुकड्यांतून स्वतः शिवली होती, चोरून, ऑफिसात, दार लावून. तिचे दोन टाके राहिले होते म्हणून ती पिशवीत होती. अंधारात हात भलतीकडे गेला.

अजून वेळ गेलेली नव्हती. दुसरी खुंटीवर होती. त्यानं हात लांबवला, तेवढ्यात पडद्याच्या फटीतून एक सुरकुतलेला हात आत आला, खुंटीवरची चड्डी आणि त्याची पँट अशी दोन्ही ओढून पसार झाला.

"इस्त्री करते!" बाहेरून आवाज आला. ती आत्या, नानांची बहीण. दुकानातली इस्त्री तिच्याकडे होती आणि परवानगी मागायची तिला सवय नव्हती.

"आत्या, ती पँट तरी—"

"चुरगळलीय. शोभत नाही फोटोच्या दिवशी."

फोटोचा दिवस म्हणजे उन्हाळा तोंडावर आल्याचा दिवस. दरवर्षी नाना एकाच कापडाच्या चड्ड्या सगळ्या घराला बेतत, सगळे त्या घालून ओळीनं उभे राहत, आणि तो फोटो वर्षभर दर्शनी काचेत लागे. खाली पाटी: 'घरचेही आमच्याकडचंच घालतात.' घरातली बायकामंडळीही त्यातून सुटत नसत. एक आत्या तेवढी साडीवरून चड्डी चढवायला नकार देऊन हातात धरून उभी राहायची.

गिऱ्हाइकाला मापानं आणि घरच्यांना मानानं, अशी या दुकानाची रीत होती. गिऱ्हाईक आलं की त्याची कंबर, सीट, मांडी, सगळं दोनदा मोजायचं. घरच्यांना मात्र टेप लावायची नाही. घरच्या माणसाचं माप घ्यायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं, असं नानांचं म्हणणं होतं. घरच्यांच्या चड्ड्या मूळ कागदावरून निघत. दुकान उघडलं त्या दिवशी नानांनी स्वतःचंच माप स्वतः घेऊन जाड खाकी कागदावर जो नमुना कापला, तो हा मूळ कागद. मदतीला कोणी नव्हतं, जमीन नुकतीच सारवल्यानं ओली होती, म्हणून डावा पाय स्टुलावर आणि उजवा मशीनच्या पायडलवर ठेवून त्यांनी टेप लावली होती. पायडल स्टुलापेक्षा खाली. परिणाम असा, की कागदाची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं वर चढलेली होती, आणि तेव्हापासून अख्खं घराणं डावीकडे कलून उभं राहत होतं. दुकान चाललं, भरभराट झाली, आणि नानांनी ठरवून टाकलं की कागद शुभ आहे. मोठ्या माणसाला मोठा करून, लहानाला लहान करून, पण तोच कागद.

जावई वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होता. दिवसभर दुकानादुकानांतून वजनकाटे तपासायचे आणि केसाएवढी तफावत निघाली तरी शिक्का नाकारायचा, हा त्याचा धंदा. असा माणूस अकरा उन्हाळे कलून उभा राहिला होता, यावरून त्याचं बायकोवर किती प्रेम होतं ते कळावं.

आणि आज तर प्रश्न बायकोचाच होता. नानांचे गुडघे बोलायला लागले होते. फोटो झाला की कटिंगचं टेबल आणि मोठी कात्री ते पुढच्या पिढीकडे सोपवणार होते. थोरला म्हणून दादाला वाटत होतं ती आपलीच. पण दादा पुढच्या काउंटरवर गोड बोलण्यापलीकडे फारसं काही करत नसे. गिऱ्हाइकांचं सगळं कापड गेली कित्येक वर्षं जावयाची बायको बेतत होती. तिला घरात चिमणी म्हणत. ते लहानपणी शोभलं असेल. आता ती लोखंडी कात्री एका हातानं चालवायची आणि दुसऱ्या हातानं चहा प्यायची. तिला ते टेबल हवं होतं. रात्री झोपेतही तिची दोन बोटं कात्रीसारखी हलायची.

नानांची अट एकच होती: ज्याला माझा कागद पटत नाही, त्यानं माझ्या टेबलाला हात लावायचा नाही. आणि नाना नवराबायकोला एकच धरत.

"भाऊजी, झोपलात का आत?" वहिनीची हाक आली. दादाची बायको तिपाईवर कॅमेरा लावून केव्हाची तयार होती.

जावयानं विचार केला. चड्डी सरळ आहे, पण माणूस तर वाकडा होऊ शकतो. त्यानं डावा खांदा खाली सोडला, उजवा कुल्ला बाहेर काढला, अंदाजानं सहा अंश कलला आणि पडदा सारला.

बाहेर दादा उभा होता, डावीकडे कलून. चिमणी उभी होती, डावीकडे कलून. वहिनी कॅमेऱ्यामागे होती, तीही कललेली, त्यामुळे तिच्या फोटोत आजवर सगळे सरळ येत आले होते. नाना वर माळ्यावर भाषणाची तयारी करत होते. त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

"या, या," दादा म्हणाला. "चिमे, तू इकडे. जावईबापू, तुम्ही तिच्या शेजारी. मध्ये नानांची जागा सोडा. आणि टेबलाला टेकू नका हं कोणी, आजपासून त्याला मालक येणारय."

"मालकीण," चिमणी म्हणाली.

"बघू या."

आत्या इस्त्री केलेली पँट हातावर घेऊन आली आणि जावयासमोर थबकली. तिनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"यांच्या रेघा सरळ का?"

सगळ्यांनी आधी स्वतःच्या चड्डीकडे पाहिलं. घरच्या चड्डीवरच्या रेघा कमरेपासून गुडघ्याकडे जाताना वारा सुटल्यासारख्या तिरक्या जात. जावयाच्या रेघा वरून निघत त्या तडक खाली येत. त्याला वाटलं अजून थोडं कलावं. तो कलला. आता रेघा तिरक्या झाल्या, पण उलट्या बाजूला.

"थांबा, थांबा," दादा म्हणाला आणि त्याच्यासमोर चक्क गुडघ्यांवर बसला. बसताना त्याच्या चड्डीनं एक बारीक किंकाळी फोडली, पण तिकडे त्यानं लक्ष दिलं नाही. "ही आपल्या कागदाची नाही. वळा. हे बघा! मागचं आसन बघा केवढं खोल घेतलंय! चिमे, तुझ्या नवऱ्यानं बाहेरून चड्डी शिवून घेतली!"

"बाहेरून नाही," जावई म्हणाला. हे बोलायला नको होतं हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

"मग?"

"मी शिवली."

चिमणीनं त्याच्याकडे पाहिलं. एरवी ती त्याला 'अरे' म्हणायची. घरात लग्नापासून तीच पद्धत होती.

"अहो," ती म्हणाली.

जावई कलायचं विसरून ताठ उभा राहिला.

"अहो, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही."

"आता येतो. म्हणजे, वाचनालयात एक पुस्तक मिळालं. त्यात मागे नमुन्याची मोठी घडी होती. मी ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतली."

"कापायला टेबल कुठलं?"

"ऑफिसचं. कागद हलू नये म्हणून वर प्रमाण वजनं ठेवली."

"सरकारी वजनं?" वहिनीला हे फारच आवडलं.

"आधी जुन्या पडद्याची करून पाहिली," जावई म्हणाला. कुणीतरी विचारायची वाट तो कित्येक महिने पाहत असावा, कारण आता त्याला थांबवणं कठीण होतं. "पहिली अगदी भयंकर झाली. पुढे जांघेत मांजराच्या मिशांसारख्या सुरकुत्या. मला वाटलं घट्ट झाली, म्हणून सैल केली, तर सुरकुत्या वाढल्या. मग लक्षात आलं, सुरकुती जिथून निघते तिथं बघायचं. ती बोट दाखवत असते. कापड मागे कमी पडत होतं आणि पुढून ओढलं जात होतं. बसताना माणूस मागून लांबतो ना! मग मी कागदाला सीटच्या रेषेवर आडवी चीर दिली, पाचरीसारखा उघडला, खाली पट्टी चिकटवली. आणि बैठक कडक खुर्चीवर बसून मोजली. कमरेपासून खुर्चीपर्यंत. उभं राहून ती कळतच नाही."

"बस झालं," चिमणी दबल्या आवाजात म्हणाली. "वर नाना आहेत. आजचा एक दिवस तुम्हाला दम निघाला नाही? बाकी तीनशे चौसष्ट दिवस होते ना सरळ व्हायला?"

"अगं, मी मुद्दाम नाही घातली. अंधार होता."

"बल्ब दादानं बदलला नाही, हेही आता माझ्याच माथी."

"माझं नाव कशाला मध्ये?" दादा उठला. त्याचा चेहरा न्यायाधीशासारखा झाला होता. "हे नानांच्या कानावर घालावंच लागेल. कागदाचा अपमान आहे हा. जावईबापू, जरा आत या. मला हा पुरावा नीट तपासायचाय."

त्यानं जावयाला दंडाला धरून आडोशात नेलं आणि पडदा ओढला. आत पुन्हा अंधार.

"काढा," दादा कुजबुजला.

"काय?"

"चड्डी काढा. अदलाबदल करू. पटकन!"

"दादा, पुरावा—"

"गेला खड्ड्यात पुरावा! मला फक्त एकदा बसून बघायचंय. तुम्हाला कल्पना नाही हो. मी दिवसभर काउंटरमागे उभा का असतो? लोक म्हणतात केवढा तत्पर माणूस, गिऱ्हाइकासाठी उभा राहतो. अहो, मला बसताच येत नाही!"

जावई विरघळला. काट्यावरचा अन्याय जसा त्याला सहन होत नसे, तसा माणसावरचाही होत नसे. अंधारात बरीच धडपड झाली, कोणाचं तरी कोपर कोणाच्या तरी नाकाला लागलं, आणि पडद्याच्या फटीतून वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, बायकांच्या मापाचीही निघते का हो त्या पुस्तकातून? नाही, सहज विचारतेय."

"निघते. फक्त सीट आणि कमरेतला फरक—"

"आणि माझ्यासाठी काही नको," पलीकडून आत्या म्हणाली, "पण मी ती हातात धरते, तर माझा हातसुद्धा एका बाजूला दुखतो."

दादा बाहेर आला तो वेगळाच माणूस होता. त्यानं दोन पावलं टाकली, थांबला, आणखी दोन टाकली. मग गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीकडे गेला, तिच्याकडे जुन्या शत्रूकडे बघावं तसं बघितलं आणि बसला. पाय पसरले. पाय दुमडले. शेवटी एका पायावर दुसरा पाय टाकून मागे रेलला आणि डोळे मिटून घेतले.

"अहाहा," तो म्हणाला.

"दादा, ऊठ," चिमणी म्हणाली. "ऊठ आधी!"

जिन्यावर पावलं वाजत होती. दादानं डोळे उघडले तेव्हा नाना समोर उभे होते. दरवर्षी फोटोसाठी घालत तोच गुडघ्यापर्यंत येणारा लांब खादीचा झगा, वर गळ्यात टेप. हातात मोठी कात्री. त्यांनी मुलाच्या चड्डीवरून सरळ खाली आलेल्या रेघांकडे पाहिलं, मग पायावर टाकलेल्या पायाकडे पाहिलं. या घरात पायावर पाय टाकून बसलेला माणूस त्यांनी पूर्वी पाहिला नसावा.

"कोणी बेतली ही?"

"जावईबापूंनी!" दादा इतक्या घाईनं म्हणाला की प्रश्न संपायच्या आधीच उत्तर आलं.

जावई पुढे झाला. दादाच्या चड्डीत असल्यामुळे तो आता खराखुरा कलला होता. "मी बेतली, नाना. हिला काहीच माहीत नव्हतं. हिचा यात सुतराम संबंध नाही. टेबलाच्या बाबतीत कृपा करून—"

नानांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते दादाभोवती एक फेरी मारून आले. वाकले, गुडघे कडकडले. मागच्या शिवणीवरून बोट फिरवलं. दादा श्वास रोखून भिंतीकडे बघत राहिला.

"झकास आहे," नाना म्हणाले.

"म्हणजे तशी माझ्या देखरेखीखाली—" दादा म्हणाला.

"गप्प बस. जावईबापू, किती वर्षं शिवताय?"

"ही पहिलीच. म्हणजे पडद्याच्या तीन धरल्या तर चौथी."

"पहिल्या खेपेला असं आसन!" नाना म्हणाले. "माझ्या पोटच्या पोरांना हे सुचलं नाही. परक्या घरचा माणूस, काटे तपासणारा, आणि त्याच्या हातात ही कला! मी वर तासभर डोकं फोडत होतो, कोणाला द्यावी. देवानं उत्तर खाली पाठवून ठेवलं होतं." आणि त्यांनी मोठी कात्री, मूठ पुढे करून, जावयासमोर धरली. "घ्या. आजपासून टेबल तुमचं."

जावयानं कात्रीकडे पाहिलं. मग चिमणीकडे पाहिलं. ती नुसती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती, जिथे वर्षानुवर्षं कापड सरकवून लाकूड गुळगुळीत झालं होतं. जावयाच्या मनात आलं, नाना भडकले असते तर परवडलं असतं. तेव्हा निदान टेबल दादाकडे गेलं असतं आणि दोघांनी मिळून दादाच्या नावानं बोटं मोडली असती. आता ते तिच्याकडून त्यानंच काढून घेतलं होतं, तेही एका चड्डीसाठी.

"नाही," तो म्हणाला. "ही चड्डी चांगली नाही."

"विनय पुरे."

"विनय नाही, नाना. मला खोटा शिक्का मारता येत नाही. हिचा डावा खिसा उजव्यापेक्षा तिरका आहे. खालच्या दुमडीत एका पायाला कापड जास्त गेलंय. एका शिवणीचा दोरा सैल आहे, ओढला तर सुटेल. आणि हे मला दिसतंय तेवढंच. मला दिसत नाही असंही असेल."

"आहे," चिमणी म्हणाली.

सगळे वळले. तिला बोलायचं नसावं, पण चुकीची शिवण समोर असताना तोंड बंद ठेवणं तिला जमत नसे.

"काय आहे?" नानांनी विचारलं.

"दादा, उभा राहा. हात वर."

दादा उभा राहिला. चिमणीनं कानावरचा खडू काढला आणि त्याच्याभोवती फिरायला लागली. "चेनच्या पट्टीला आतून आधार दिला नाही, धुतली की लाट येणार." एक खूण. "कमरपट्टा उभ्या धाग्यावर कापायला हवा होता, आडवा कापलाय, महिन्याभरात ताणेल." दुसरी खूण. "इथं शिवणीत माया इतकी कमी सोडलीय की माणूस जेवून उठला तर सैल करायला काही उरलंच नाही."

"चिमे, गुदगुल्या होतायत!"

"हलू नकोस. इथं मशीन अडकलं, तरी यांनी तसंच रेटलं. इथं उसवून पुन्हा शिवलंय, जुनी भोकं दिसतायत. आणि हा खिसा…" ती क्षणभर थांबली. "या खिशाबद्दल मी घरी बोलेन."

दादा पायापासून कमरेपर्यंत खडूनं भरून गेला. वहिनीनं हळूच एक फोटो काढला.

"आसन?" नाना म्हणाले.

चिमणीनं खडू खाली केला. "आसन सुंदर आहे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे वळून पाहिलं. "ते मी याहून चांगलं बेतलं नसतं. गिऱ्हाइकांना मी तसंच बेतते."

"गिऱ्हाइकांना तसंच?" नानांची भुवई चढली. "मग घरच्यांना का नाही? तुला माहीत होतं कागद वाकडा आहे?"

"लहानपणापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"घरच्यांचं माप घ्यायचं नाही, तुम्हीच म्हणालात. नाना, मी टेबल मागतेय ते तुमची आज्ञा मोडायला नाही. पण इतकी वर्षं त्या काचेतल्या फोटोखाली उभी राहून मी लोकांना सांगते, आमच्याकडचं अंगावर चपखल बसतं. आणि सांगताना मला बसता येत नाही." मग तिनं गळ्यातली टेप काढली. "मला टेबल द्या, नाहीतर देऊ नका. पण आज मी माप घेणार. सगळ्यांचं. तुमच्यापासून सुरुवात."

"माझं कशाला?" नाना एकदम मागे सरकले. "मी म्हातारा माणूस. माझं काय मोजायचं!"

"दोनच मिनिटं. झगा वर घ्या."

"थंडी आहे."

"नाना, उन्हाळ्याचा फोटो काढतोय आपण."

"हे बघ चिमणे, टेबल घे तू. हे घे, कात्री घे. मिटलं? माप राहू दे."

कात्री इतक्या अनपेक्षितपणे हातात आली, की चिमणी दुसऱ्या कोणत्याही दिवशी तिथंच नाचली असती. पण माप टाळणाऱ्या गिऱ्हाइकाला ती चांगली ओळखायची. तिनं कात्री टेबलावर ठेवली आणि आत्याकडे नुसतं पाहिलं. आत्यानं भावाला मागून धरलं, त्याला लहानपणी आंघोळीला धरायची तसं, आणि झगा वर केला.

खाली निळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा होत्या. वरून खाली तडक गेलेल्या, जराही न कललेल्या.

दादाच्या तोंडाचा आ झाला. चिमणीनं वडिलांना हळूच वळवलं. कमरपट्ट्याच्या मागे, मध्यभागी, एक छोटी छापील पट्टी होती. तिच्यावर रस्त्यापलीकडच्या तयार कपड्यांच्या दुकानाचं चिन्ह होतं. खाली माप: मोठं.

"रंग तोच मिळाला का तुला?" आत्यानं विचारलं.

"आधी तिकडे बघून येतो," नाना खाली मान घालून म्हणाले, "मग इकडे त्याच रंगाचा तागा आणतो."

"दरवर्षी?" दादा ओरडला.

"मला बसावं लागतं रे! गुडघे आहेत मला!"

पहिल्यांदा वहिनीला हसू फुटलं, ते कॅमेऱ्यामागे दडवायचा तिनं प्रयत्न केला आणि तिपाई पडली. मग आत्या. मग दादा, जो हसताना खाली बसला आणि बसता आलं म्हणून आणखी हसला. जावई हसत नव्हता. तो नानांकडे बघत होता. एवढा मोठा माणूस, भर दुकानात झगा वर धरून उभा. जावयानं पुढे होऊन झगा हळूच खाली सोडला.

"शिवण सरळ आहे, नाना," तो म्हणाला. "पण मायेत कापड अगदीच कमी ठेवलंय त्यांनी. चिमणी चांगली करून देईल."

"देईल का?" नानांनी विचारलं, त्याला नव्हे, मुलीला.

"बसा," चिमणी म्हणाली. "त्या लाकडी स्टुलावर. मऊ खुर्चीवर नाही. ताठ बसा, पोट आत घेऊ नका, इथं कोणी परकं नाही."

नाना बसले. तिनं कमरेपासून स्टुलापर्यंत टेप सोडली, आकडा वाचला, पुन्हा सोडली, पुन्हा वाचला. नाना समोर बघत होते, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. ते झाल्यावर दादा बसला. त्याचं पोट तिनं बोटानं बाहेर काढलं आणि मगच मोजलं. वहिनी बसली आणि म्हणाली, आकडा मोठ्यानं वाचायचा नाही. आत्यानं सांगितलं, माझी साडीवरूनच घे, आणि घेऊ दिली. दुपार सरत आली तरी फोटोची कोणाला आठवण झाली नाही. मूळ कागद नानांनी स्वतः खुंटीवरून उतरवला, दोनदा दुमडला आणि डुगडुगणाऱ्या कटिंग टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल स्थिर झालं.

सगळे चहाला आत गेल्यावर दुकानात दोघंच उरले. चिमणीनं टेबलावर हात पसरून ठेवले होते. जावयाला अजून दादाची चड्डी काढायला सवड मिळाली नव्हती, त्यामुळे तो तिच्याशी बोलतानाही दाराकडे कललेला दिसत होता.

"रागावलीस?"

"हो."

"टेबल मिळालं तरी?"

"टेबल गेलं असतं. आणि त्याहून… तू तीन-चार महिने शिवत होतास, चुकत होतास, उसवत होतास, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. मी सगळ्या गावाचं बेतते. माझ्या नवऱ्याला पुस्तकात बघावं लागलं."

"तुला विचारलं असतं तर तुला नानांशी खोटं बोलावं लागलं असतं. मला वाटलं, खोटं एकानंच बोलावं."

तिनं हातानं टेबलावरचा खडू पुसला. मग म्हणाली, "खिसा फारच वाईट आहे रे."

त्या 'रे'नं जावयाच्या जिवात जीव आला. "आहे खरा."

"उसव आणि पुन्हा लाव. मी बघणार नाही."

"बरं."

चिमणीनं टेप त्याच्या हातात ठेवली आणि स्टूल ओढून घेतलं. त्या दिवशी तिनं घरातल्या प्रत्येकाचं माप घेतलं होतं. तिचं कोणी घ्यायचं हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, तिच्याही नाही, या क्षणापर्यंत. ती बसली. पाठ ताठ केली. मग, गिऱ्हाईक करतं तसंच, नकळत पोट आत ओढलं.

"सोड," जावई म्हणाला.

"सोडलंय."

"काटे तपासणाऱ्या माणसाला सांगतेयस."

तिनं श्वास सोडला. जावयानं तिच्या कमरेला टेपचं टोक लावलं, दुसरं टोक स्टुलापर्यंत आणलं, डोळा आकड्याच्या बरोबर समोर यावा म्हणून जमिनीवर बसला. बसताना दादाच्या चड्डीची मागची शिवण वरपासून खालपर्यंत फाटली. दोघांनी तो आवाज नीट ऐकला.

"हलू नकोस," तो म्हणाला. "आकडा हुकेल."